अश्व मागें पडला, घोडा पुढें गेला

निबंधांत ‘घोडा’ लिहिल्यास गुण कमी मिळतील व ‘अश्व’ लिहिल्यास विद्वत्ता दिसेल, अशी आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची समजूत असते. त्यांनीं रोमन लोकांच्या एका शब्दाची हकीकत अवश्य ऐकावी.

लॅटिन भाषेंत घोड्यास दोन शब्द होते. ग्रंथांतील भारदस्त शब्द ‘इक्वुस’. हा आपल्या ‘अश्व’ शब्दाचा सख्खा भाऊ. दोहोंचें मूळ एकच. दुसरा ‘काबाल्लुस’, म्हणजे ओझ्याचें तट्टू. एका दिव्य घोड्याच्या टापेनें उत्पन्न झालेला झरा कवींस स्फूर्ति देतो, असें ग्रीक लोक मानीत. पर्सिउस (इ. स. 34-62) या रोमन कवीनें त्या झऱ्यास थट्टेनें ‘तट्टाचा झरा’ म्हटलें, तें याच शब्दावरून!

इ. स. 476 मध्यें पश्चिमेकडील रोमन साम्राज्य लयास गेलें. पंडितांची लॅटिन ग्रंथांत राहिली. शिपाई, गाडीवान व बाजारकरी यांच्या बोलींतून नव्या भाषा जन्मास आल्या. घोड्यासाठीं त्यांनीं तट्टाचाच शब्द उचलला. इटालियनांत ‘कावाल्लो’, स्पॅनिशांत ‘काबायो’, पोर्तुगीजांत ‘कावालु’, फ्रेंचांत ‘शव्हाल’, रुमानियनांत नुसता ‘काल’. हीं रूपें यदृच्छेनें झालीं नाहींत. दोन स्वरांमधील ‘ब’ मऊ होऊन त्याचा बहुतेक ठिकाणीं ‘व’ झाला. रुमानियनांत तर तो अजीबात गळाला. फ्रेंचांत ‘का’ या आरंभींच्या अक्षरांतील ‘क’चा प्रथम ‘च’ व मग ‘श’ झाला. म्हणूनच लॅटिन ‘कांपुस’ (मैदान) हा शब्द तेथें ‘शां’ असा उच्चारतात. आपल्याकडेही ‘घोटक’ शब्दांतील ‘ट’ असाच मऊ होऊन ‘घोडा’ झाला.

गंमत अशी कीं, घोडीनें मात्र कुळाचें नांव सोडलें नाहीं. स्पॅनिश ‘येग्वा’, पोर्तुगीज ‘एग्वा’ व रुमानियन ‘यापा’ हे शब्द ‘इक्वुस’च्याच स्त्रीलिंगी रूपापासून आले.

तट्टाचा शब्द पुढें मोठ्या मानास चढला. घोड्यावर बसणारा सरदार तो फ्रेंचांत ‘शव्हालिए’. स्पॅनिश ‘काबायेरो’ म्हणजे तर आज कोणीही सद्गृहस्थ. इंग्रजींतील ‘कॅव्हलरी’ व ‘शिव्हलरी’ हींही त्याच घराण्यांतलीं. बुद्धिबळाच्या पटावर अडीच घरें चालणाऱ्या मोहऱ्यास पोर्तुगीज खेळाडू ‘कावालु’ म्हणतो, आणि आपण ‘घोडा’. तेथें ‘अश्व’ म्हणणारा विद्यार्थी आम्हीं तरी पाहिला नाहीं.