सुएझ कालवा प्राधिकरण

ईजिप्तमधील सुएझ या आंतरराष्ट्रीय जलमार्गाचे व्यवस्थापन करणारी शासकीय संस्था. स्थापना २६ जुलै १९५६. मुख्यालय इस्माइलिया येथे. भूमध्य समुद्रावरील पोर्ट सैद व तांबड्या समुद्रावरील सुएझ यांना जोडणाऱ्या या १९३ किमी. लांबीच्या कालव्यावर जलपाश नाहीत. दोन्ही समुद्रांची पातळी जवळजवळ सारखी असल्याने जहाजे सलग जातात. त्यामुळे पनामा कालव्याच्या तुलनेत येथील काम सोपे आहे, असा समज होतो. तो बरोबर नाही. पनामात पाणी व यंत्रे सांभाळावी लागतात. सुएझमध्ये वाळू, वारा आणि मुख्यतः वेळ सांभाळावा लागतो.

कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी वाहतुकीस खुला झाला. तो खोदणाऱ्या फेर्दिनां द लेसेप्सच्या कंपनीस उद्‌घाटनापासून ९९ वर्षांची सवलत होती. कंपनी कायद्याने ईजिप्शियन, पण तिचा कारभार पॅरिसहून चाले. कर्जबाजारी खेदिव इस्माइलचे समभाग १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेतले आणि ईजिप्तचा मालकी हक्क नाममात्र उरला. या कालव्यामुळे मुंबई-लंडन सागरी अंतर आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या मार्गापेक्षा सु. ४० टक्क्यांनी घटले व मुंबई बंदराचे महत्त्व वाढले. कॉन्स्टँटिनोपल येथे १८८८ मध्ये झालेल्या कराराने कालवा युद्धकाळी व शांतताकाळी सर्व राष्ट्रांच्या जहाजांना खुला ठेवण्याचे ठरले. प्राधिकरणाच्या कारभाराची आंतरराष्ट्रीय चौकट आजही हाच करार आहे. मात्र त्याचे पालन नेहमीच झाले असे नाही. इझ्राएलच्या जहाजांना कालवा मुक्तपणे वापरता येऊ लागला तो १९७९ च्या शांतता करारानंतर.

आस्वान धरणासाठी देऊ केलेले साहाय्य अमेरिकेने मागे घेतल्यावर अध्यक्ष गमाल अब्दुल नासर यांनी २६ जुलै १९५६ रोजी अलेक्झांड्रियातील भाषणात कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. भाषणात ‘लेसेप्स’ हे नाव उच्चारले जाताच अभियंता महमूद यूनुस यांच्या पथकांनी कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घ्याव्यात, असा संकेत ठरला होता. कचेऱ्या ताब्यात घेणे सोपे होते. कालवा चालविणे हा खरा प्रश्न होता. जहाजांना वाट दाखविणारे पायलट, म्हणजे वाटाडे, बहुसंख्येने परदेशी होते आणि त्यांच्यावाचून ईजिप्तला कालवा चालविता येणार नाही, असे पाश्चात्त्य राष्ट्रांत उघडपणे बोलले जात होते. १४ सप्टेंबरच्या रात्री हे परदेशी वाटाडे काम सोडून गेले. मोजक्या ईजिप्शियन व ग्रीक वाटाड्यांनी विश्रांती कमी करून, नव्याने भरती झालेल्यांना हाताशी धरून जहाजे नेली व वाहतूक चालू राहिली. लंडन परिषदेत भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन यांनी ईजिप्तचे सार्वभौमत्व मान्य करून वापरकर्त्यांना सल्लागाराचे स्थान देणारी योजना मांडली होती. ती बहुमताने स्वीकारली गेली नाही. ऑक्टोबरअखेर इझ्राएल व पाठोपाठ ब्रिटन-फ्रान्स यांनी आक्रमण केले तेव्हा ईजिप्तने जहाजे बुडवून कालवा बंद केला. संयुक्त राष्ट्रांनी तो मोकळा केल्यावर एप्रिल १९५७ मध्ये वाहतूक पूर्ववत झाली. त्याच महिन्यात ईजिप्तने १८८८ च्या कराराशी बांधिलकी जाहीर केली आणि एकूण उत्पन्नाचा २५ टक्के भाग कालव्याच्या विकासासाठी राखून ठेवण्याचे मान्य केले. जुन्या भागधारकांना २·८३ कोटी ईजिप्शियन पौंड भरपाई देण्याचा करार १९५८ मध्ये झाला.

प्राधिकरणाचे सध्याचे स्वरूप १९७५ च्या कायद्याने ठरले आहे. अध्यक्षाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात. यूनुस, मशहूर अहमद मशहूर हे आरंभीचे अध्यक्ष अभियंते होते. १९९६ नंतर हे पद नौदलातील ॲडमिरलांकडे राहिले आहे. गाळ उपसणारी जहाजे, टगबोटी, जहाजदुरुस्तीचे कारखाने आणि वाटाड्यांचे प्रशिक्षण केंद्र ही सर्व प्राधिकरणाची आहेत.

दैनंदिन कामाचा कणा म्हणजे ताफ्यांची पद्धती. बऱ्याच भागात दोन मोठी जहाजे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. म्हणून ती ठराविक वेळी, ठराविक अंतराने, रांगेने सोडतात. पूर्वी उत्तरेकडून दोन व दक्षिणेकडून एक ताफा निघे. दक्षिणेकडे जाणारी जहाजे वाटेत बाजूच्या फाट्यात किंवा ग्रेट बिटर लेकमध्ये थांबून समोरच्यांना वाट देत. ऑगस्ट २०१५ मध्ये खुल्या झालेल्या ७२ किमी.च्या प्रकल्पात ३५ किमी. नवा समांतर मार्ग खोदण्यात आला व उरलेला भाग खोल आणि रुंद केला गेला. त्यासाठी ईजिप्शियन नागरिकांना गुंतवणूक प्रमाणपत्रे विकून पैसा उभारला. त्यानंतर दोन्ही दिशांनी रोज एकेक ताफा जातो आणि दक्षिणगामी जहाजांचा प्रवास सु. १८ तासांवरून ११ तासांवर आला. प्रवासात वाटाडे टप्प्याटप्प्याने बदलतात. जहाजाचा वेग ताशी सु. १५ किमी.च्या आसपास ठेवावा लागतो. तो वाढल्यास लाटांनी काठ ढासळतात आणि जहाज स्वतःच किनाऱ्याकडे ओढले जाते.

पथकर जहाजाच्या निव्वळ टनभारावर घेतात. हा टनभार मोजण्याचे नियम १८७३ च्या परिषदेपासून चालत आलेले व सुएझपुरतेच असल्याने प्रत्येक जहाजाला वेगळे प्रमाणपत्र काढावे लागते. दर ठरविताना आफ्रिकेला वळसा घालण्याचा खर्च समोर ठेवावा लागतो. पथकर त्याच्या वर गेला, तर गिऱ्हाईक वळशाने जाते. जून १९६७ ते जून १९७५ या काळात युद्धामुळे कालवा बंद राहिला, पंधरा जहाजे आत अडकली, आणि तेलवाहतूकदारांनी वळशाच्या मार्गासाठी कालव्यात न मावणारी महाकाय जहाजे बांधली. ती परत मिळविण्यासाठी प्राधिकरणाला कालवा पुनःपुन्हा खोल करावा लागला. १९८० पर्यंत ५३ फूट व पुढे ६६ फूट डुबीची जहाजे जाऊ शकतील इतकी खोली वाढविण्यात आली.

२३ मार्च २०२१ रोजी ४०० मी. लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ हे जपानी मालकीचे जहाज जोरदार वाऱ्यात व धुळीच्या वादळात दक्षिण भागातील एकेरी मार्गावर आडवे रुतले. सर्व खलाशी भारतीय होते. प्रचंड प्रमाणात वाळू उपसून, टगबोटी लावून व भरतीचा फायदा घेऊन ते २९ मार्चला मोकळे झाले. तोवर चारशेंहून अधिक जहाजे खोळंबली होती. जहाजावर प्राधिकरणाचे दोन वाटाडे होते, तरीही नियमांनुसार वाटाड्या केवळ सल्लागार असून जबाबदारी कप्तानाचीच राहते. प्राधिकरणाने सु. ९१·६ कोटी डॉलरची मागणी करून जहाज न्यायालयामार्फत अडकवून ठेवले; तडजोड होऊन ते ७ जुलै रोजी सुटले. वाट दाखविणारा, नियम करणारा आणि भरपाई मागणारा एकच असावा, ही व्यवस्था जहाजमालकांना खटकणे स्वाभाविक आहे. पण कालव्यात शिरताना ते नियम सर्वांनी स्वीकारलेले असतात. या घटनेनंतर दक्षिण भागाचे रुंदीकरण व सु. १० किमी. लांबीच्या दुहेरी मार्गाचे काम हाती घेण्यात आले.

कालव्याच्या आत प्राधिकरणाची सत्ता संपूर्ण आहे. त्याच्या मुखाशी ती संपते. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर मोठ्या जहाज कंपन्या पुन्हा केप ऑफ गुड होपकडे वळल्या. कालव्यात एक दिवसही अडथळा नसताना २०२३ मधील सु. १०·२ अब्ज डॉलरचे उत्पन्न २०२४ मध्ये सु. ४ अब्ज डॉलरवर आले. मे २०२५ मध्ये प्राधिकरणाने मोठ्या कंटेनर जहाजांना ९० दिवसांसाठी पथकरात १५ टक्के सूट जाहीर केली.