आंतरजालसुरक्षा शिक्षण, बालकांचे

आंतरजालाचा वापर करताना संभवणारे धोके ओळखणे, ते शक्यतो टाळणे आणि धोका ओढवल्यास योग्य व्यक्तीकडे वेळीच मदत मागणे, या गोष्टी बालकांना पद्धतशीरपणे शिकविण्यास आंतरजालसुरक्षा शिक्षण असे म्हणतात. संगणक वा भ्रमणध्वनी हाताळण्याच्या तांत्रिक शिक्षणाहून ते भिन्न आहे. उपकरण कसे चालवावे हे तांत्रिक शिक्षणात येते. उपकरणाच्या पलीकडील माणसांशी व संस्थांशी कसे वागावे, हा सुरक्षा शिक्षणाचा विषय होय.

ऐतिहासिक आढावा : ब्रिटनमध्ये १९९६ साली ‘इंटरनेट वॉच फाउंडेशन’ ही संस्था बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांविरुद्ध कार्य करू लागली. अमेरिकेने १९९८ मध्ये केलेल्या कायद्यान्वये तेरा वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करण्यास संकेतस्थळांना मनाई करण्यात आली. अनेक समाजमाध्यमांच्या नियमांत तेरा वर्षांची वयोमर्यादा आढळते, तिचे मूळ या कायद्यात आहे. यूरोपात २००४ पासून ‘सुरक्षित आंतरजाल दिन’ पाळण्यास प्रारंभ झाला. तो दरवर्षी फेब्रुवारीत अनेक देशांत साजरा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील हक्क आंतरजालावरही लागू होतात, असा स्पष्ट निर्वाळा बालहक्क समितीने २०२१ मध्ये दिला.

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजालसेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी ती काही घरे, कार्यालये व सायबर कॅफे यांपुरती मर्यादित होती. पुढे भ्रमणध्वनी व डेटा स्वस्त झाल्याने ती खेडोपाडी पोहोचली. २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद होऊन अध्यापन भ्रमणध्वनीवरून होऊ लागले, तेव्हा ज्या मुलांना पूर्वी तो क्वचितच मिळत असे, त्यांच्याही हाती तो दिवसाचे काही तास राहू लागला. परिणामी हा विषय शहरी कुटुंबांपुरता न राहता सर्व शाळांचा झाला.

धोक्यांचे वर्गीकरण : यूरोपातील ‘ई. यू. किड्स ऑनलाइन’ या संशोधन प्रकल्पाने रूढ केलेले व नंतर विस्तारलेले वर्गीकरण सामान्यतः स्वीकारले जाते. त्यानुसार धोक्यांचे चार वर्ग पडतात. (१) आशय : हिंसक, अश्लील, द्वेषमूलक वा खोटा मजकूर मुलांच्या दृष्टीस पडणे. (२) संपर्क : गैर हेतूने जवळीक साधणाऱ्या व्यक्तीशी संबंध येणे. (३) वर्तन : समवयस्कांकडून होणारी चेष्टा, बदनामी, छळ, यात बालक बळी असते, तसेच कधी साक्षीदार वा छळ करणारेही असते. (४) करार : न समजता अटी मान्य करणे, माहितीचा व्यापारी वापर, खेळांतील छुपी खरेदी व पैशांची फसवणूक.

धोका व हानी यांत फरक केला पाहिजे. धोक्याशी संबंध आलेल्या प्रत्येक बालकास हानी पोहोचतेच असे नाही. रस्ता ओलांडण्यात धोका असतो, म्हणून मुलांना रस्त्यावर जाऊ न देणे हा जसा उपाय ठरत नाही, तसेच येथेही आहे.

जवळीक साधून केले जाणारे शोषण : या प्रक्रियेस इंग्रजीत ग्रूमिंग म्हणतात. तिच्या पायऱ्या बहुधा पुढीलप्रमाणे असतात : प्रथम स्तुती व सहानुभूती, मग खेळातील नाणी, रिचार्ज यांसारख्या लहान भेटी, नंतर संभाषण सार्वजनिक ठिकाणाहून खाजगी ठिकाणी नेणे, ‘हे घरी सांगू नकोस’ असे बजावून बालकास एकटे पाडणे, आणि शेवटी छायाचित्राची वा भेटीची मागणी. छायाचित्र हाती आल्यावर ते सर्वांना पाठविण्याची धमकी देऊन पैसे वा आणखी चित्रे मागितली जातात. अशा खंडणीचे बळ चित्रात असते, त्याहून अधिक ते बालकाच्या भीतीत असते. घरी कळले तर मार बसेल, भ्रमणध्वनी काढून घेतील, शाळा सुटेल या भयाने बालक गप्प राहते आणि त्या मौनाचाच गुन्हेगार फायदा घेतो. मुलगेही याचे बळी ठरतात. लाजेमुळे ते सांगत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

‘अनोळखी माणसाशी बोलू नये’ एवढीच शिकवण अपुरी पडते. काही महिने रोज गप्पा मारणारी व्यक्ती बालकाच्या दृष्टीने अनोळखी राहत नाही. शिवाय गैरवर्तन करणारी व्यक्ती कित्येकदा नात्यातील, शेजारची वा परिचित असते. म्हणून व्यक्ती कोण आहे यापेक्षा ती काय मागते व काय लपवावयास सांगते, याकडे लक्ष देण्यास शिकविणे अधिक उपयुक्त ठरते.

अध्यापनाचे स्वरूप : शिक्षण वयानुरूप असावे. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांस तीन गोष्टी पुरेशा होतात : नवीन खिडकी उघडली की मोठ्यांना विचारणे, नाव-पत्ता-शाळा कोणास न सांगणे आणि पाहून भीती वाटल्यास उपकरण खाली ठेवून सांगावयास येणे. आठ ते बारा वर्षांच्या मुलांस संकेतशब्द, ओटीपी, बक्षिसाचे खोटे संदेश, खेळांतील संभाषण व खाजगीपणाची मांडणी यांची ओळख करून द्यावी. कुमारवयीन मुलांशी मैत्री, संमती, छायाचित्रांची देवाणघेवाण, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनविलेली खोटी चित्रे आणि कायदा यांविषयी मोकळेपणाने चर्चा करावी.

एकाच व्याख्यानाने फारसे साध्य होत नाही. प्रसंग रचून काय उत्तर द्यावे, कोणाकडे जावे याचा सराव करून घेणे व तो वर्षभर अधूनमधून चालू ठेवणे इष्ट असते. भय दाखविण्याची पद्धत तर कित्येकदा उलटते. २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ नामक खेळामुळे मुले आत्महत्या करतात अशी वार्ता भारतभर पसरली व शासनाने त्याचे दुवे काढून टाकण्याचे आदेश समाजमाध्यमांना दिले. परंतु तपासलेल्या घटनांपैकी एकीतही या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही, असे केंद्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितले. अशा प्रसंगी अफवेची चर्चा होते आणि मुलांच्या नैराश्याची खरी कारणे मागे पडतात.

पालकांची भूमिका : केवळ बंदी घातल्यास धोके कमी होतात, तथापि शिकण्याच्या संधीही कमी होतात, असे संशोधनात आढळून आले आहे. सोबत बसून पाहणे, प्रश्न विचारणे व नियम मुलांच्या सहभागाने ठरविणे यांचा परिणाम अधिक टिकाऊ असतो. ‘तू काहीही सांगितलेस तरी शिक्षा होणार नाही’ हे वचन पालकांनी आधीच देणे व ते पाळणे, हा सर्व उपायांचा पाया होय. बालकाने सांगितल्यावर प्रथम दोष दिला गेला, तर ते पुन्हा सांगत नाही. घरात एकच भ्रमणध्वनी असल्यास पालकांची बँकेची उपयोजने स्वतंत्र संकेतशब्दाने बंद ठेवावीत.

कायदा व साहाय्य : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने ६७ब हे कलम घालण्यात आले. बालकांची अश्लील चित्रे प्रसृत करणे, तसेच लैंगिक कृत्यासाठी त्यांना आंतरजालावरील संबंधास प्रवृत्त करणे हा त्यानुसार गुन्हा असून, पहिल्या अपराधास पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) अठरा वर्षांखालील सर्वांना लागू आहे. अपराधाची माहिती असणाऱ्याने पोलिसांना ती कळविणे त्यानुसार बंधनकारक आहे; न कळविल्याबद्दलची शिक्षा मात्र बालकास लागू होत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण अधिनियमात मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती घेण्याची व मुलांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती न करण्याची तरतूद आहे.

अडचणीत १०९८ ही बालकांसाठीची, ११२ ही आपत्कालीन व १९३० ही सायबर गुन्ह्यांसाठीची दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. धमकी देणाऱ्यास पैसे देऊ नयेत, आणखी चित्रे पाठवू नयेत. खात्याचे नाव, तारीख व संभाषण जपून ठेवावे. बालकाचे आक्षेपार्ह चित्र पुरावा म्हणूनही इतरांना पाठवू नये. चित्राचा प्रसार थांबविण्यासाठी त्याचा सांकेतिक ठसा वापरतात. चित्रातील मजकुरावरून गणिती रीतीने एक संख्या काढली जाते व ती सहभागी कंपन्यांना दिली जाते. मूळ चित्र कोणाकडे न जाता त्याच्या प्रती ओळखता येतात. २०२३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘टेक इट डाउन’ ही सेवा याच तत्त्वावर चालते.

मर्यादा : शिक्षणाने सर्व भार बालकावर टाकणे योग्य नाही. सेवा निर्माण करणाऱ्या कंपन्यांची रचना, उदा., अखंड चालणारी चित्रमालिका वा कोणालाही संदेश पाठविता येण्याची सोय, हीच कित्येक धोक्यांचे कारण असते. म्हणून काही देशांनी कंपन्यांवर जबाबदारी टाकणारे कायदे केले आहेत. ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालील मुलांना ठराविक समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास डिसेंबर २०२५ पासून प्रतिबंध आहे. अशा वयोमर्यादेच्या परिणामकारकतेबाबत मतभेद आहेत. मर्यादेचे वय कोणतेही असो, ते ओलांडताच मूल आंतरजालावर येणारच असल्याने आधीच्या शिक्षणाची आवश्यकता त्यामुळे कमी होत नाही.