वादळ ओसरल्यानंतरचा हिशेब

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला वादळ नवे नाही. मृगाच्या तोंडावर समुद्राचा रंग पालटू लागला, की होड्या वर ओढून घ्याव्यात आणि घर शाकारून घ्यावे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. निसर्गाच्या कोपापुढे मनुष्याचे फारसे चालत नाही, हेही तो जाणून असतो. परंतु वादळ ओसरल्यावर जे दुसरे संकट येते ते निसर्गनिर्मित नसते. सरकारी तिजोरीतून मदतीचा पैसा वाहू लागतो आणि ज्याचे छप्पर उडाले त्याच्या दारापर्यंत तो पोहोचण्याआधीच वाटेत मुरू लागतो. चक्रीवादळाला जेथे हरिकेन म्हणतात, त्या अमेरिकेने गेल्या दोन दशकांत या दुसऱ्या संकटाचा पुरेपूर अनुभव घेतला आहे. देश धनाढ्य, लेखापरीक्षक स्वतंत्र, वृत्तपत्रे निर्भीड. तरीही तेथे जे घडले ते आपल्यासारख्या किनारी प्रदेशाने डोळसपणे पाहण्याजोगे आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना हे वादळ लुईझियाना राज्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराचे संरक्षक बांध फुटले, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि हजाराहून अधिक माणसे प्राणास मुकली. अमेरिकेच्या संसदेने पंधरवड्याच्या आत दोन हप्त्यांत ६२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. त्या घटकेला एवढी तत्परता आवश्यकच होती. परंतु पैसा ज्या वेगाने सुटला, त्या वेगाने त्याची नोंद ठेवण्याची व्यवस्था मात्र कोणी केली नव्हती. पुढे संसदेच्या हिशेबतपासणी संस्थेने व्यक्तिगत मदतीची पाहणी केली. २००६ च्या फेब्रुवारीपर्यंत वाटलेल्या मदतीपैकी ६० कोटी ते १ अब्ज ४० कोटी डॉलर एवढी रक्कम अपात्र अथवा संशयास्पद अर्जदारांच्या हाती गेली असावी, असा तिचा अंदाज होता. तुरुंगात असलेल्या कैद्यांच्या नावे घरभाडे निघाले होते. टपालपेटीचा क्रमांक हाच पडलेल्या घराचा पत्ता म्हणून स्वीकारला गेला होता. ज्यांच्या हॉटेलचे बिल सरकार भरत होते, त्यांनाच पुन्हा घरभाडेही दिले जात होते.

अशा वेळी सामान्य अर्जदाराकडे बोट दाखवणे फार सोपे असते. खरी मोठी गळती वरच्या पायरीवर होती. फाटक्या छपरांवर निळी ताडपत्री घालण्याचे काम मोठ्या कंत्राटदारांना मिळाले. त्यांनी ते दुसऱ्याला दिले, दुसऱ्याने तिसऱ्याला. शिडी लावून प्रत्यक्ष छपरावर चढणाऱ्या माणसाच्या हाती सरकारने मोजलेल्या दराचा किरकोळ हिस्सा पडला. अर्कान्सा राज्यातील होप या गावच्या विमानतळावर सुमारे दहा हजार तयार फिरती घरे चिखलात उभी राहिली, कारण पूरप्रवण जमिनीवर अशी घरे ठेवू नयेत असा ती विकत घेणाऱ्या खात्याचाच नियम होता. बेघर माणसे एकीकडे आणि रिकामी घरे दुसरीकडे! आणि ज्या नगरपालाने त्या दिवसांत नभोवाणीवरून केंद्र सरकारला खडे बोल सुनावले, त्या रे नेगिन यांना कंत्राटदारांकडून लाच घेतल्याच्या आरोपांवरून २०१४ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे हा वाक्प्रचार मराठीत उगाच रूढ झालेला नाही. तो वृत्तीला लागू आहे, देशाला नाही, एवढाच याचा अर्थ.

या अनुभवातून अमेरिका काहीच शिकली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कतरिनानंतर अवघ्या काही आठवड्यांत टॉम कोबर्न आणि बराक ओबामा या दोन परस्परविरोधी पक्षांच्या सिनेटरांनी पुनर्वसनाच्या खर्चावर स्वतंत्र वित्ताधिकारी नेमण्याची मागणी केली. त्याच दोघांच्या पुढाकाराने २००६ साली सरकारी अनुदाने आणि कंत्राटे यांचा तपशील कोणाही नागरिकाला विनामूल्य पाहता येईल असा कायदा झाला, आणि २००७ च्या डिसेंबरात तो तपशील संगणकावर खुला झाला. २००६ च्याच दुसऱ्या कायद्याने आपत्तीच्या कामांतील पोटकंत्राटांवर मर्यादा घातली आणि लागणाऱ्या वस्तूंची कंत्राटे वादळापूर्वीच करून ठेवण्यास सांगितले.

तथापि कायदा झाला म्हणजे उजेड पडलाच असे होत नाही. लुईझियानातील घरबांधणी योजनेची कथा या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे. 'रोड होम' नावाच्या या योजनेत पडक्या घराच्या दुरुस्तीचा खर्च आणि त्या घराची वादळापूर्वीची बाजारातील किंमत, यांपैकी जी रक्कम कमी ती अनुदानासाठी आधारभूत धरली गेली. वरवर पाहता सूत्र निर्दोष वाटते. परंतु कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील घराची किंमत मुळातच कमी लागत असे. भिंत उभारण्याचा खर्च मात्र दोन्ही वस्त्यांत सारखाच. परिणामी सारख्याच नुकसानीला सारखी भरपाई मिळेना. २००८ साली प्रकरण न्यायालयात गेले आणि २०११ साली ६ कोटी २० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले. सूत्र ठरतानाच त्याचा वस्तीवार परिणाम कागदावर मांडून लोकांपुढे ठेवला असता, तर ही वर्षे वाया गेली नसती.

याच योजनेचा दुसरा अध्याय अधिक दुःखद आहे. घराचे जोते उंच करण्यासाठी घरामागे ३० हजार डॉलरपर्यंत अनुदान दिले गेले. अनेकांची मूळ दुरुस्तीच पैशाअभावी अडली होती, म्हणून त्यांनी ही रक्कम भिंती आणि छप्पर यांवर खर्च केली. तसे केले तरी चालेल, असे योजनेच्या माणसांनीच आपणास तोंडी सांगितल्याचे कित्येकांचे म्हणणे आहे. २०१३ साली केंद्रीय लेखातपासनिसांनी सुमारे २४ हजार घरमालकांनी जोते उंच केल्याचा पुरावा नाही असा अहवाल दिला. रक्कम सुमारे ७० कोटी डॉलर! मग राज्य सरकारने वादळाने आधीच नागवलेल्या आपल्याच नागरिकांवर वसुलीचे दावे गुदरले. अखेर २०२३ साली केंद्र आणि राज्य यांनी मिळून हे दावे संपवले. म्हणजे वादळाला साडेसतरा वर्षे होईपर्यंत काही कुटुंबांच्या डोक्यावर वसुलीची टांगती तलवार होती.

उशिरा होणारा हिशेब कोणाच्या मानगुटीस बसतो, हे यावरून ध्यानात यावे. कंत्राटदार आपले बिल वसूल करून केव्हाच पुढच्या कामावर गेलेला असतो. अधिकाऱ्याची बदली झालेली असते. मंत्र्याचे खाते बदललेले असते. जागेवर सापडतो तो एकटा घरमालक, कारण त्याचे घर त्याला सोडून जाता येत नाही. हिशेबाची तपासणी वरातीमागून येणाऱ्या घोड्यासारखी झाली, की तिच्या टापांखाली दुर्बलच चिरडला जातो.

उलट हिशेब वेळीच उघडा पडला तर काय होते, याचे उदाहरण प्वेर्तो रिको या बेटावर पाहावयास मिळते. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळाने या बेटाची वीजव्यवस्था जमीनदोस्त केली. ती उभारण्याचे ३० कोटी डॉलरचे कंत्राट तेथील वीजमंडळाने माँटाना राज्यातील व्हाइटफिश नावाच्या कंपनीला दिले. वादळ झाले त्या दिवशी या कंपनीत दोन पूर्णवेळ नोकर होते! मजुरीच्या दरांतील खर्च आणि नफा यांची तपासणी सरकारने करू नये, अशा आशयाचे कलमही त्या करारात घातलेले होते. ज्या करारात तपासणीलाच बंदी, त्याचे पुढे काय व्हावयाचे हे सांगण्यास ज्योतिषी नको. परंतु वृत्तपत्रांनी प्रकरण लावून धरले, कराराचा मसुदा लोकांच्या हाती पडला आणि त्यानंतर काही दिवसांतच, ऑक्टोबर महिना संपण्यापूर्वी, ते कंत्राट रद्द करण्याची घोषणा झाली. वीजमंडळाच्या प्रमुखांनी नोव्हेंबरात राजीनामा दिला. हे काम पाच वर्षांनी येणाऱ्या अहवालाने कधीही केले नसते.

त्याच बेटावर मृतांची सरकारी संख्या कित्येक महिने ६४ एवढीच राहिली. पत्रकारांना मृत्यूच्या नोंदींसाठी न्यायालयात जावे लागले. शेवटी विद्यापीठीय अभ्यासानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. या दोन आकड्यांतील अंतर केवळ मोजणीतील चूक म्हणून सोडून देता येत नाही. नुकसानीच्या आकड्यांवर मदतीची मागणी उभी असते. आकडा दडला, की मदतीचा पायाच खचतो.

२०१२ च्या सँडी वादळानंतर न्यू जर्सी राज्यात पारदर्शकतेचा आणखी एक पैलू पुढे आला. घरदुरुस्तीच्या मदतीसाठी आलेले हजारो अर्ज फेटाळले गेले. एका सामाजिक संस्थेने माहितीच्या कायद्याचा आधार घेऊन सरकारी कागद मिळवले, तेव्हा ज्यांनी ज्यांनी अपील केले त्यांतील बहुतेक पात्रच होते असे दिसून आले. ज्यांनी अपील केले नाही, ते बिचारे घरी बसले. अपिलाच्या मुदतीची माहिती स्पॅनिश भाषेतील सरकारी संकेतस्थळावर चुकीची दिली गेली होती, हेही निष्पन्न झाले. माहिती दिली, परंतु ज्याला हवी त्याच्या भाषेत ती धड दिली नाही, तर ती न दिल्यासारखीच होय. पर्वरीच्या सचिवालयातून इंग्रजीत निघणारी परिपत्रके काणकोणच्या वा पेडण्याच्या रापणकाराला कितपत उमगतात, याचा विचार आपण यानिमित्ताने केलेला बरा.

कारण हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेले आणि वीजखांब व झाडे उन्मळून गावेच्या गावे अंधारात बुडाली. बंगालमध्ये २०२० च्या अम्फान वादळानंतर मदतीच्या याद्यांत पक्क्या घरांचे धनी घुसल्याचा बोभाटा झाला. कलकत्ता उच्च न्यायालयाला त्या वर्षीच्या डिसेंबरात महालेखापरीक्षकांकडून तपासणी करण्याचा आदेश द्यावा लागला.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ५० व्या कलमान्वये आपत्काळात निविदा न मागवता खरेदी करण्याची मुभा आहे, आणि साहित्य वापरले गेल्याचा अधिकृत अधिकाऱ्याचा दाखला हाच हिशेबाचा वैध पुरावा मानला जातो. संकटात अशी मुभा हवीच. परंतु जेथे निविदेचा पहारा उठवला जातो, तेथे लोकांच्या नजरेचा पहारा दुप्पट असावयास हवा. ती सोयही त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्यात आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थींचा तपशील सरकारने कोणी अर्ज न करताच प्रसिद्ध केला पाहिजे. केंद्राच्या आठ वर्षे आधी, १९९७ सालीच, आपला स्वतंत्र माहिती हक्काचा कायदा करणाऱ्या गोव्याने तर या बाबतीत इतरांना धडा घालून द्यावयास हवा.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की हिशेबाच्या घोळात मदत रेंगाळते. आमच्या मते हा आक्षेप टिकत नाही. यादी फलकावर लावण्यास एक दिवसही लागत नाही. वेळ जातो तो चुकीच्या यादीवरून उठणारी भांडणे निस्तरण्यात. दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. तो अधिक विचार करण्याजोगा आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणविषयक कायद्यात माहिती अधिकाराच्या कायद्यातील खाजगी माहितीचे कलम अधिक कडक करण्याची तरतूद झाल्यापासून अधिकाऱ्यांना तो हाताशीही आला आहे. संकटग्रस्ताचा बँकखात्याचा क्रमांक वा आजारपण कोणी जाहीर करू नये, हे खरेच. परंतु नाव, वाडा, नुकसानीचा प्रकार आणि मंजूर रक्कम एवढे सांगण्याने कोणाची अब्रू जात नाही. आणि कंत्राटदाराच्या दराला तर खाजगीपणाचा कसलाच अधिकार नाही.

आपल्या गावांना ही रीत परकी नाही. देवस्थानाचा जमाखर्च महाजनांच्या सभेपुढे ठेवावा लागतो, आणि पालखीच्या तेलवातीचा खर्च जास्त का झाला, असे विचारण्यास कोणी कचरत नाही. तेथे हिशेब मागणे हा अविश्वास मानला जात नाही. तो व्यवस्थेचाच भाग असतो. देवाच्या पैशाला जो नियम, तो वादळग्रस्ताच्या पैशाला का नसावा?

आमची मागणी साधी आहे. पंचनामा झाल्यावर आठ दिवसांत नुकसानीची यादी पंचायतीच्या फलकावर मराठीत व कोकणीत लागावी. हरकतींसाठी मुदत असावी, आणि अर्ज फेटाळल्यास त्याचे कारण लेखी मिळावे. निविदेविना झालेल्या प्रत्येक खरेदीचा दर, पुरवठादार आणि पोटकंत्राटदार यांची नावे त्याच महिन्यात प्रसिद्ध व्हावीत. मदतीच्या अटी पैसे देतानाच लेखी समजावून सांगाव्यात, म्हणजे पुढे कोणा गरिबाच्या दारी वसुलीची नोटीस जाणार नाही. ग्रामसभेने वादळानंतरच्या पहिल्याच बैठकीत हा हिशेब वाचून घ्यावा. यासाठी नवा कायदा नको, नवा निधीही नको. अरबी समुद्रात अलीकडे तीव्र वादळांचे प्रमाण वाढत असल्याचे शास्त्रज्ञ सांगत आहेत. तेव्हा ही तयारी पुढचे वादळ येण्यापूर्वीच मामलेदारांच्या कचेरीत होऊन राहिली पाहिजे.