कुतूहल : मनोरुग्ण नेमका कोणाला घातक?

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यासारख्या गावातून एखाद्या रुग्णाची रवानगी ठाण्याच्या किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयात झाली, की तो कोणाच्या तरी अंगावर धावून जाईल, ही धास्ती शेजारीपाजारी प्रथम बोलून दाखवतात. वस्तुतः असे बहुसंख्य रुग्ण कधीच हिंसा करीत नाहीत, आणि अधिक धोका असतो तो त्यांच्या स्वतःच्याच जिवाला.

हिंसक विचार बहुधा भयातून उपजतो : अन्नात कोणी विष कालवले आहे अशी भ्रमजन्य खात्री पटलेला मनुष्य आपल्या समजुतीप्रमाणे बचावच करीत असतो, आणि त्यात मद्याची भर पडली की धोका वाढतो. आत्मघाताच्या विचाराची घडण निराळी. तीव्र नैराश्यात, घाण्याच्या बैलाला झापड बांधावी तशी, बुद्धीची दृष्टी आकुंचित होते. उपाय, माणसे, उद्याचा दिवस हे सारे जागच्या जागी असूनही दिसेनासे होते. हा आवेग पुष्कळदा ओसरतो, म्हणूनच तेवढा काळ सोबत आणि देखरेख लाभली तर प्राण वाचू शकतात. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट रुग्णाला आपली कैफियत मांडता येते.

विशेष जोखमीचे असतात ते रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, म्हणजे घरची मंडळी निर्धास्त झालेली असतात नेमका तोच काळ. सबब औषधे व फेरतपासणी तेव्हा चुकवू नयेत, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र चालू असतो.