दोघांची परसबाग

मुलांनो, घरामागच्या मोकळ्या जागेला मराठीत 'परस' म्हणतात. 'बाग' हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. तो फारसीतून उर्दूत आला आणि मराठीतही आला. गुलाब आणि पुदिना हे शब्दही असेच आले. परसात केलेली बाग म्हणजे परसबाग.

दिंद्रुड हे बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातले गाव. माजलगावजवळ सिंदफणा नदीवर मोठे धरण आहे. तरीही या भागातला पाऊस कमी आणि बेभरवशाचा असतो. एप्रिल २०१६ मध्ये तर शेजारच्या जिल्ह्यातील लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात घरी बाग कशी होणार, असे तुम्ही विचाराल. थोडी जागा, थोडे पाणी आणि दोघांचे हात असले, तर ती होते. हे दोघे म्हणजे तुमचे अम्मी आणि अब्बा.

आठवड्याची सुट्टी कुठे शुक्रवारी असते, तर कुठे रविवारी. दर सुट्टीला एकच काम घ्यावे.

पहिल्या सुट्टीला जागा ठरवावी. भाजीला रोज पाच-सहा तास ऊन लागते. अब्बांना लिंबाचे झाड हवे असेल, अम्मींना कोथिंबीर हवी असेल. आधी दोघांनी बोलून घ्यावे. झाड वाढले की त्याची सावली पडते. म्हणून लिंबू कडेला लावावे आणि भाजीचा वाफा उन्हात करावा.

दुसऱ्या सुट्टीला तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब वाफा आखावा. दोघांनी दोरीची दोन टोके धरली की रेघ सरळ येते. वाफा तीन फूटच रुंद का? कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि माती तुडवावी लागत नाही. आपली काळी माती ओली झाली की चिकटते, वाळली की तिला भेगा पडतात. चांगले कुजलेले शेणखत मिसळले की ती भुसभुशीत होते.

तिसऱ्या सुट्टीला पेरणी करावी. पावसाळ्यात भेंडी, गवार आणि दोडका लावावा. हिवाळ्यात मेथी, पालक आणि कोथिंबीर लावावी. एका धन्यात दोन बिया असतात. म्हणून धने हलके रगडून, त्यांच्या दोन फोडी करून पेरावेत. मेथी महिन्याभरात काढणीला येते.

चौथ्या सुट्टीला दोडक्याच्या वेलासाठी मांडव घालावा. एकाने लाकूड धरावे आणि दुसऱ्याने दोरी बांधावी.

आता पाण्याचे पाहू. एवढ्या वाफ्याला हिवाळ्यात रोज साधारण अर्धा हंडा पाणी पुरते. भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी वाफ्याला द्यावे. साबणाचे पाणी मात्र पालेभाजीवर घालू नये. वाफ्यात मातीचा मटका गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवला, तर पाणी हळूहळू झिरपून मुळांना मिळते. चीनमधील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीग्रंथातही ही युक्ती सांगितली आहे. मातीवर पालापाचोळा पसरला की ओल टिकते.

दोघांनी मिळून कष्ट करणे बीड जिल्ह्याला नवे नाही. येथील हजारो जोडपी दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्या कामात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि मजुरीही जोडीवर ठरते. पण घरी आल्यावर स्वयंपाक आणि पाणी भरणे ही बहुतेक घरांत एकट्या बाईचीच कामे समजली जातात.

म्हणून एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. अब्बांनी सुट्टीला वाफा खणला आणि बाकीचे सहा दिवस अम्मींनीच हंडे वाहिले, तर ती बाग दोघांची होत नाही. अम्मींच्या कामात आणखी एका कामाची भर पडते, एवढेच. मग कंटाळून त्या पाणी घालणे सोडतात आणि वाफा वाळतो. हे टाळायचे असेल, तर बी पेरण्याआधीच पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. तीन दिवस अम्मींचे, तीन दिवस अब्बांचे आणि एक दिवस तुमचा.

हा धडा घरी वाचून दाखवा. मग दोघांना विचारा, "पहिली पाळी कोणाची?"