गप्प झालेला पेशंट आधी

मागच्या पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. आठ दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, ‘आता फक्त सेवा.’ सेवा म्हणजे नक्की काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वस्तीत इतकी वर्षं आरोग्य शिबिरं भरवतेय, मला काय ठाऊक नाही, ही घमेंड होतीच!

तिसऱ्या आठवड्यात माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. मी रोज स्पिरिट लावून तो चांगला चोळत होते, वर पावडर. बसायला रबरी रिंगही आणली. सासूबाई कसलीच तक्रार करीत नव्हत्या. ‘किती शांत पेशंट आहे,’ असं येणारा-जाणारा म्हणायचा.

शेजारच्या वहिनींची लेक बीएस्सी नर्सिंग झालेली. सध्या ती अमेरिकेच्या एनक्लेक्स परीक्षेची तयारी करतेय. आपल्याकडे कोर्स पास होऊन राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवलं की नर्स म्हणून काम करता येतं. अमेरिकेत लायसन्ससाठी ही वेगळी परीक्षा द्यावीच लागते. कॉम्प्युटरवर, पाच तास. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. उत्तरं बरोबर येत गेली की प्रश्न अवघड होत जातात आणि पास की नापास याची खात्री पटली की कॉम्प्युटर आपला थांबतो. २०२३ पासून तर एकाच पेशंटवर सलग प्रश्न येतात. काय दिसलं, त्यातलं महत्त्वाचं काय, आधी काय कराल? नुसत्या घोकंपट्टीचं तिथे काम नाही.

एकदा तिने मला गमतीने एक प्रश्न घातला. ‘काकू, चार पेशंट आहेत. एकाचं परवा ऑपरेशन झालंय, तो दुखतंय म्हणून ओरडतोय. एकाला जेवणाआधी इन्शुलिन द्यायचंय. एक घरी जायची घाई करतोय. चौथा दम्याचा, सकाळपासून छातीत शिट्टी वाजत होती, आता एकदम आवाज थांबलाय. आधी कुणाकडे जाल?’

मी अर्थातच ओरडणाऱ्याकडे निघाले होते.

‘दम्याच्या! आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं असं नाही, कदाचित हवाच आत जात नसेल.’ एवढं बोलून ती सासूबाईंच्या खोलीकडे पाहत राहिली. ‘आजी कधी दुखतंय म्हणतात का हो?’

नाही म्हणत. त्या बाजूला त्यांना कळतच नव्हतं.

तिने चट्टा बोटाने दाबून सोडला. लाली हटली नाही. ही बेडसोअरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही, तेव्हा हात लावून ती जागा गरम किंवा टणक लागते का ते बघायचं. लाल जागा चोळायची नाही, आतली नाजूक कातडी आणखी दुखावते. स्पिरिटने ती कोरडी पडते. रिंगने भोवतालचा रक्तपुरवठा दबतो, म्हणून तीही माळ्यावर गेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, लाली दिसली तर त्याआधीच. पूर्ण आडवं नाही, पाठीला उशी लावून जरासं कलतं. आणि ओढायचं नाही, चादरीसकट दोघांनी उचलायचं. आम्ही इतके दिवस काखेत हात घालून वर सरकवत होतो!

मग तिने पायमोजे काढायला लावले. डाव्या टाचेला फोड आला होता, काळपट. मोजे मीच घातले होते, पाय गार पडू नयेत म्हणून.

माकडहाडाचा चट्टा दोन आठवड्यांत गेला. टाच भरायला मात्र डॉक्टरांचं ड्रेसिंग आणि अडीच महिने लागले. आता पोटरीखाली उशी असते, टाच अधांतरी.

मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ती गेल्यावर इथल्या आज्यांचं काय, असं मनात येतं, पण तिला म्हणवत नाही. रात्री दोनचा गजर झाला की ह्यांना उठवते, आम्ही दोघं सासूबाईंची कूस बदलतो. समोर तिच्या खिडकीत दिवा असतो.