सुपरहिरोचे चिलखत घरीच करा, पण विस्तवाशिवाय

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की भोर-वेल्ह्याच्या वस्त्यांमध्ये पोरांचा एक हट्ट ऐकू येतो, "मला आयर्न मॅन व्हायचंय." आपल्या पिढीतल्या मुलांना शक्तिमान व्हायचे असे, पण तो पोशाख कापडाचा, शिवून मिळणारा. आयर्न मॅनला चिलखत लागते. भाड्याने आणायचे तर पुण्याची फेरी, वर अनामत रक्कम. म्हणून घरातले प्लास्टिकचे डबे कापले जातात, आणि त्यात चूक काहीच नाही. मणिपूरमधल्या एका तरुणाने भंगारातून आयर्न मॅनचा पोशाख केल्याची बातमी २०२१ साली देशभर गाजली होती. मात्र आपल्याकडे प्लास्टिक वाकवायला मेणबत्ती आणि भोक पाडायला चुलीत तापवलेली सळई वापरतात. आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला तो त्यासाठीच.

आधी डबा कुठला घ्यायचा ते बघू. पाच लिटरचा खाद्यतेलाचा कॅन सगळ्यात बरा. बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल तर उत्तम. गरम पाणी आणि साबणाने दोनदा धुवा. शेतावरच्या फवारणीच्या औषधाचा कॅन मात्र कितीही धुतला तरी घेऊ नका. औषध प्लास्टिकमध्ये मुरते आणि घामाबरोबर मुलाच्या अंगाला लागते. लेबल निघाले असेल तर कॅन कशाचा होता हे घरात कोणालाच आठवत नाही, असा अनुभव आहे. लेबल असेल तर त्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा चौकोन असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, पण हिरवा दिसला म्हणून तो कॅन चालेल असे समजू नका. फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्याही नकोत. पीव्हीसी पाइपचे तुकडे विस्तवावर धरले की हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू सुटतो. घशातल्या ओलाव्यात त्याचे ॲसिड होते. दमा असलेल्या मुलाला तेवढेही पुरते.

आता खरी गंमत. कॅन नीट कापला तर काहीच तापवावे लागत नाही. त्याच्या कोपऱ्यांना खांद्याचा बाक आयताच असतो. दोन कोपरे कापले की दोन खांदे तयार. रुंद बाजू छातीला, दुसऱ्या कॅनची पाठीला. कोपरापासून मनगटापर्यंत कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली उभी चिरून घाला. आधी वर्तमानपत्राचा कागद मुलाच्या अंगावर धरून माप काढा आणि काखेत दोन बोटे सैल ठेवा. पोटावर अखंड पत्रा लावला तर मूल वाकू शकत नाही, बसले की काठ जांघेत रुततो. त्यापेक्षा तीन आडव्या पट्ट्या घ्या आणि कौलांसारखी वरची खालचीवर चढवा.

जोडायला फेव्हिकॉल आणू नका, या प्लास्टिकवर तो धरत नाही. पट्टी लाकडी फळीवर ठेवून खिळा आणि हातोडीने भोके पाडा आणि नाडीने ओवा. जुन्या काळी कित्येक देशांत खरी चिलखतेही पट्ट्या दोरीने ओवूनच होत. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा, त्यावर सायकलची जुनी ट्यूब मधोमध चिरून बसवा. हा कंटाळवाणा भाग टाळला की मानेवर आणि काखेत ओरखडे उठतात.

एखादा तुकडा वाकवायचाच असेल तर मोठ्या माणसाने तो उकळत्या पाण्यात सांडशीने धरावा. पाणी साधारण १०० अंशांना उकळते, हे प्लास्टिक १३० च्या आसपास वितळते. म्हणजे ते मऊ पडते, धूर होत नाही. मूल त्या वेळी घराबाहेर हवे. तरीही भाजलेच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. वितळलेले प्लास्टिक किंवा ग्लू गनचा गोंद कातडीला चिकटला असेल तर ओढून काढू नका, कातडी सोलून येते. पाण्याने गार करून दवाखान्यात न्या.

रंगासाठी चकचकीत कागद किंवा रंगीत चिकटपट्टी पुरते. माळ्यावरचा जुना ऑइलपेंट नको. शिशाचे प्रमाण ९० पीपीएमवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या डब्यात किती असेल सांगता येत नाही.

डोके झाकू नका. कपाळापुरता पुठ्ठ्याचा मुखवटा आणि इलॅस्टिक बस. प्लास्टिकची पिशवी तोंडावर कधीच नाही. गळ्याभोवती नाडी नाही. छाती-पाठ जोडणारे बंद वेल्क्रोचे ठेवा, एका ओढीत सुटले पाहिजेत.

घामाचा विचार कोणीच करत नाही. भातलावणीला प्लास्टिकची खोळ घेणाऱ्या बायांना माहीत आहे, बाहेरून पाऊस लागत नाही पण आतून त्या भिजतात. २०२० मध्ये पीपीई किट घातलेल्या आम्हा नर्सेसचेही तेच झाले. घाम वाळत नाही म्हणून अंग गार होत नाही. आत सुती बनियन घाला, स्टेजवर जाण्याआधी पाणी पाजा. मी २० मिनिटांच्या वर हे अंगावर ठेवू देत नाही. १४ एप्रिलच्या दुपारच्या मिरवणुकीत तर नकोच. चक्कर, डोकेदुखी, उलटी असे काही झाले की पहिल्यांदा चिलखत उतरवा, सावलीत नेऊन ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला. मूल असंबद्ध बोलू लागले तर १०८ ला फोन करा.

कार्यक्रम झाल्यावर चिलखत भंगारवाल्याला द्या. उरलेले तुकडे चूल पेटवायला ठेवू नका, तो धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो.